उजवा पाय, मांडीपासून

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, तळघरात माझी खोली.
दिवे विझवलेले,
पडदा अंधारातच नीट दिसतो.
बारा नंबर: मुंजाजी खिल्लारे, वय एकाहत्तर,
राहणार पूर्णा, रेल्वे कॉलनीच्या मागं.
चिठ्ठीवर डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात एवढंच:
शंभर पावलांवर थांबतात.

कसे थांबतात ते चिठ्ठीत नव्हतं.
ते त्यांनीच सांगितलं, लेंग्याची नाडी सोडता सोडता:
"चालू लालो की पोटरी धरती, मॅडम.
मग चपलेचा अंगठा नीट करायचा.
नायतर भिंतीवरचं पोस्टर वाचायचं,
मेलेल्याचं, निवडून आलेल्याचं, कुणाचंबी.
पद्मिणबाई म्हणती, म्हाताऱ्याला वाचायचं याड लागलं."

जेल गार असतं. सगळेच दचकतात, तेही दचकले.
जांघेत प्रोब टेकवला, आवाज सोडला,
आणि खोलीभर त्यांचं रक्त चालू लागलं:
ढप्-टक्-टुक्. ढप्-टक्-टुक्.
पुढं एक झेप, मागं अर्धं पाऊल, पुन्हा जरासं पुढं.

"हे चांगलंय," ते म्हणाले.
मी काहीच बोलले नव्हते.
बोलायचं नसतंच; सांगायचं ते डॉक्टर सांगतात.

मग कळलं: पस्तीस वर्षं पूर्णा जंक्शनला
गाडी थांबली की हे हातोडी घेऊन खाली,
चाकामागून चाक ठोकत, कान देत.
"साबूत चाक घंटीवानी बोलतंय.
तडकलेलं नुसतं भद् म्हणतंय.
रात्री दोनला, निम्म्या झोपेत असलो तरी..."
हात हवेत ठोका द्यायला उठला.
"हलू नका," मी म्हटलं.

प्रोब मांडीवरून खाली, बोटाबोटानं.
लाल, लाल, लाल,
आणि गुडघ्याच्या वीतभर वर
लालात पिवळं, हिरवं, निळं घुसलं,
फाटक उघडल्यावर दोन्हीकडून घुसतात तसं.
आवाज चिरकला, त्याची शिट्टी झाली.
मघाशी वेग नव्वद होता, इथं तीनशे नव्वद.
वाट चिंचोळी, तिथंच रक्त
जिवाच्या आकांतानं धावतं;
दमतं ते पलीकडं गेल्यावर.

पलीकडं, गुडघ्यामागं: हुश्श. हुश्श.
टक् नाही, टुक् नाही.
पायाच्या पंजावर तर
कुणी चहावर फुंकर घालतंय इतकंच.
मी आवाज बारीक करायला गेले.
"राहू द्या," ते म्हणाले. डोळे मिटलेले.
मग बराच वेळानं: "भद्. हेच ना?"

मी कॅलिपर लावला. एक ठिपका, दुसरा ठिपका,
मधे उरलेली जागा मिलिमीटरमध्ये.
"डॉक्टर सांगतील, काका."
"हाव. आमीबी पॅसेंजरला नव्हतो सांगत.
डब्यावर खडूनं फुली मारायचो,
बाकी साहेब बघायचे."
जरा थांबून: "ब्रॉडगेजची मीटरगेज झाली म्हणा."
"नॅरो," माझ्या तोंडून निसटलं.
एवढे हसले की पडद्यावरची रेघ विस्कटली
आणि तो फोटो मला पुन्हा घ्यावा लागला.

मांडीवरचं जेल त्यांनी स्वतःच पुसलं,
कागदाची नीट घडी करून, यंत्रावरचं ग्रीस पुसावं तसं.
सदऱ्याच्या खिशातलं बिडीबंडल दोनदा चाचपलं.
टाकायला की आहे का बघायला, कळलं नाही.

जिना अठरा पायऱ्यांचा.
त्यांच्या चपला नवव्या पायरीवर थांबल्या.
तिथं भिंतीवर एकच कागद आहे,
दुचाकी कुठं लावावी याची सूचना, चार ओळी.
ते ती वाचत होते,
आणि मी तेरा नंबरचा कागद हातात घेऊन
दाराशी उभी होते.
चार ओळींना फार वेळ लागला.